विरळ केस आणि गंगावन



केसांचा विषय निघाला की लांबसडक, दाट केशसंभाराचे वर्णन व्हायचे, असा आपल्याकडे जणू शिरस्ताच पडला आहे. ज्यांची वेणी खाली उतरता उतरता अगदी बारीक होते, आणि जिला घरातलीच माणसे ‘उंदराची शेपटी’ म्हणून मोकळी होतात, त्या स्त्रियांविषयी सहसा कोणी बोलत नाही. मी शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनाच्या नाचातून एखादी हुशार मुलगी अंग काढून घेते, तेव्हा तिचे खरे कारण पुष्कळदा या वेणीपाशी येऊन थांबते. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

बेळगाव, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात मराठी व कानडी शेजारी शेजारी नांदतात. वेणीत मिसळण्याच्या केसांच्या पेडाला मराठी घरात गंगावन म्हणतात, कानडी घरात चवरी. चवरी हा शब्द ‘चमरी’ म्हणजे हिमालयातील याक या प्राण्यावरून आला. देवापुढे ढाळावयाच्या चामराचे मूळही तेच. आपले गंगावनही पूर्वी याच प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे करीत. या सीमेवर भाषेवरून वाद पुष्कळ झाले. परंतु या एका बाबतीत दोन्ही भाषांनी एकच शेपटी धरली आहे!

आपल्या जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे बालगंधर्वांच्या वेशभूषेचे व केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. पुरुषाने रंगभूमीसाठी सजविलेले मस्तक पाहून स्त्रियांनी आपली केशरचना बदलावी, ही मौज खरी; पण रचनेचे सौंदर्य केवळ केसांच्या भरगच्चपणात नसते, हेही त्यावरून कळते.

आज बाजारात दोन प्रकारची गंगावने मिळतात. एक नायलॉनचे, स्वस्त; ते गरम यंत्राने सरळ वा कुरळे करू गेल्यास वितळते. दुसरे माणसाच्या केसांचे. तिरुपतीला भाविक जे केस अर्पण करतात, त्यांचा देवस्थान लिलाव करते आणि त्यांतील बराचसा माल परदेशी जातो. गंगावन निवडताना ते आपल्या केसांच्या रंगाशी दिवसाच्या उजेडात ताडून पाहावे. दुकानातील दिव्याखाली सगळेच काळे दिसते. आणि विरळ वेणीला लांबलचक, जड गंगावन लोंबते सोडू नये. त्याचा सारा भार मोजक्या केसांच्या मुळांवर येतो. त्यापेक्षा केसांचा सैल अंबाडा घालून त्याच्या आत छोटी गुंडाळी ठेवावी, वरून जाळी लावावी आणि आकडे खोचावेत. आमच्या ख्रिस्ती लग्नात वधूच्या मस्तकावर व्हेल टिकवायचा असतो. केस मऊ व थोडे असले की तो हमखास मागे घसरतो. तेथेही हीच आतली गुंडाळी उपयोगी पडते.

बारीक केस आणि विरळ केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींच्या केसांची संख्या भरपूर असते, पण एकेक केस रेशमासारखा बारीक असल्याने ते डोक्याला चिकटून बसतात. अशा केसांवर सकाळी तेल थापून शाळेत येणे म्हणजे ते आणखी चापून बसविणेच होय. खोबरेल तेल धुण्यापूर्वी लावावे. ते केसाच्या आत शिरते व धुताना होणारी झीज कमी करते. नवे केस मात्र त्याने उगवत नाहीत, मग बाटलीवर काहीही छापलेले असो. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात अंगाचा साबण केसांना लावला तर त्याचा चिकट थर राहतो. शिकेकाई किंवा सौम्य शांपू बरा. धुतल्यावर मान खाली घालून केस पुढे घेऊन वाळवावेत, म्हणजे ते मुळाशी उभे राहतात. वर्षानुवर्षे एकाच जागी पाडलेला भांग थोडा बाजूला घ्यावा. टोकांचे झिजलेले चार बोटे केस कापावेत. वेणी आखूड होते, पण शेवटपर्यंत सारखी जाड दिसते. लांबीचा मोह आपल्याकडे फार, म्हणून हा साधा उपाय कोणाला पटत नाही.

मुलींच्या वेण्या कपाळाची कातडी ताणेपर्यंत घट्ट घालणाऱ्या मातांना मला स्पष्ट सांगायचे आहे की, वर्षानुवर्षांच्या या ओढीने कपाळावरचे केस मागे हटतात, आणि फार काळ गेल्यास परत येत नाहीत. शिस्त वेणीच्या घट्टपणावर मोजू नये, असे मी आम्हा शिक्षिकांनाही सांगते.

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ जातात. ते बहुतेक पुन्हा येतात. पण गळती थांबतच नसेल, भांग रुंदावत असेल, तर तेल बदलीत बसू नये. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. शरीरातील लोह कमी पडले किंवा थायरॉईडमध्ये बिघाड झाला, तर केस गळू शकतात. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते जेवणाऱ्या, दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा शेतावर राबणाऱ्या आपल्या भगिनीला रक्ततपासणी सुचविली की ती म्हणते, “केसांसाठी कसला डॉक्टर!” तिला सांगावे की केस हे निमित्त आहे, तपासणी रक्ताची आहे. मिनॉक्सिडिल नावाचे डोक्याला लावावयाचे औषध काहींना गुण देते. परंतु ते चार-सहा महिने नेमाने लावावे लागते, थांबविल्यावर गुण ओसरतो, आणि गरोदरपणी ते वापरू नये. डॉक्टरांकडे जाताना केव्हापासून गळती सुरू झाली, आधी कोणता आजार झाला होता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे.