पिशवी साफ केल्यानंतरचे मातृत्व

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने केलेले भाषण)



भाषणाचा विषय मी कळविला, तेव्हा आपल्या चिटणिसांनी तो महिला शाखेपुरताच ठेवावा, असे सौजन्याने सुचविले. मी तितक्याच सौजन्याने नकार दिला. ज्या गैरसमजापायी आपल्या कित्येक सुना मनातल्या मनात झुरतात, तो ओसरीवरच्या मंडळींच्या संमतीवाचून टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

गर्भपातानंतर आत काही अंश राहिला, पाळीत रक्तस्राव अतोनात होऊ लागला किंवा त्याचे कारण शोधावयाचे असले, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर खरवडून घेतात. यासच आपण क्युरेटिंग किंवा 'पिशवी साफ करणे' म्हणतो. काम थोड्या मिनिटांचे असून रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जाते. परंतु घरी पोचण्यापूर्वीच शेजारणीचा अभिप्राय तेथे पोचलेला असतो : 'पिशवी खरवडली, आता काय उगवणार?'

भगिनींनो, या अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दरमहा पाळीवाटे गळून जातो आणि खालच्या थरातून तो पुन्हा भरून येतो. खालचा थर शाबूत असेल, तर एकदा पिशवी साफ केल्याने मातृत्वास बाध येत नाही. बहुसंख्य स्त्रियांस पुढे सुखरूप मुले होतात. लक्षात आलेल्या दर 100 गर्भधारणांपैकी सुमारे 15 आपोआप संपुष्टात येतात आणि आरंभीच्या काळात त्यांतील निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे संपतात. तिने घागर उचलली, ती जिना चढली, तिने पपई खाल्ली, अशी जी आरोपपत्रे आपल्या स्वयंपाकघरांत तयार होतात, त्यांत तथ्य नसते.

तथापि धोका मुळीच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या व्यवसायाच्या आरंभीची गोष्ट सांगते. एका तरुण मुलीची पिशवी मी साफ केली, 'सर्व ठीक आहे' असे म्हटले आणि तिला घरी पाठविले. पाळी कधी यावी, न आल्यास काय करावे, हे सांगावयाचे मी विसरले. ती परत आली चार वर्षांनी. मधल्या काळात तिची पाळी जेमतेम डागापुरती उरली होती. घरच्यांनी त्यास अशक्तपणा ठरवून काढे दिले, उपास करविले, आणि शेवटी मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झाली. दुर्बिणीने पाहिले, तेव्हा गर्भाशयाच्या भिंती आतून जागोजागी चिकटलेल्या होत्या. 1948 साली जोसेफ ॲशरमन यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे मी शिकत होते, तेव्हा तो पाठ्यपुस्तकात होता. माझ्या तोंडून दोन वाक्ये अधिक निघाली असती, तर त्या मुलीची चार वर्षे वाचली असती.

तीच दोन वाक्ये आज येथे सांगते. गर्भपातानंतर पिशवी साफ केली असता पाळी साधारणतः चार ते सहा आठवड्यांत येते. आठ आठवडे उलटूनही ती आली नाही, किंवा पूर्वीपेक्षा फारच कमी येऊ लागली, किंवा पाळीवाचून दरमहा पोटात कळा येऊ लागल्या, तर तत्काळ दाखवावे. चिकटलेला भाग दुर्बिणीने पाहून सोडविता येतो. तो थोडा असेल तर यश चांगले येते, फार असेल तर सर्वांसच येते असे नाही. आपल्या देशात गर्भाशयाच्या क्षयानेही असेच घडते, म्हणून तीही तपासणी टाळू नये. हल्ली पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातानंतर धारदार हत्याराऐवजी शोषण पद्धत वापरावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोणती पद्धत वापरणार, हे डॉक्टरांस विचारण्यात उद्धटपणा नाही.

पुन्हा केव्हा दिवस राहू द्यावेत? 2005 साली याच संघटनेने गर्भपातानंतर किमान सहा महिने थांबावे, असे सुचविले होते. परंतु स्कॉटलंडमधील 30,000हून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा जो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला, त्यात सहा महिन्यांच्या आत गर्भ राहिलेल्यांचे काहीच बिघडले नव्हते, उलट त्यांस अधिक यश आल्याचे दिसले. प्रकृती बरी असेल व मन तयार असेल, तर एखादी पाळी होऊ देऊन पुढे जाण्यास सहसा हरकत नसते. मनाची तयारी मात्र तिची स्वतःची हवी, सासूबाईंची नव्हे. आणि दिवस इतक्यात नकोच असतील, तर काळजी लगेच घ्यावी; पाळी येण्यापूर्वीही, दोन आठवड्यांच्या सुमारास, गर्भ राहू शकतो.

चिकटलेला भाग सोडविल्यानंतर गर्भ राहिला, तर पहिल्याच भेटीत तसे सांगावे. अशा वेळी वार गर्भाशयास नको तितकी घट्ट चिकटण्याचा संभव असतो. बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावे. विवाह जुळविताना हे उघड होईल म्हणून जुने कागद फाडून टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. तो कागद पुढे जीव वाचवू शकतो.

पुरुषमंडळींस एकच विनंती. मूल होण्यास विलंब लागणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचेही कारण आढळते. वर सांगितलेल्या मुलीच्या पतीची तपासणी त्या चार वर्षांत एकदाही झाली नव्हती. ती साधी, स्वस्त व वेदनारहित असते. पत्नीवर दुसरी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ती व्हावी.

वेळ संपत आली आहे. दाराजवळ कोरे कागद व एक डबा ठेवला आहे. ज्यांस उभे राहून विचारणे अवघड वाटते, त्यांनी नाव न घालता प्रश्न लिहावा. भोजनानंतर मी उत्तरे देईन. डब्यात पुरुषांच्या चिठ्ठ्याही चालतील.