तुरीच्या फुलातला दहावा पुंकेसर



 अध्यक्षीय भाषणात विषयाचा आढावा घेण्याची प्रथा आहे. पण सकाळच्या निबंधांनी ते काम केले आहे. मला एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती बरीच वर्षे मनात साचली आहे. झाडाझाडांतला फरक आपण हौसेने मोजतो. इतका फरक पोटात घेऊनही जे ढळत नाही, त्याची नोंदसुद्धा करत नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही शिवारातले तुरीचे फूल उघडा. बीएसएमआर ७३६ हा वाण लाल दाण्याचा, बीडीएन ७११ पांढऱ्या दाण्याचा. बांधावरच्या देशी तुरीत तर उंची, शेंगेवरच्या रेघा, पक्व होण्याचा काळ, सगळेच निराळे. पण फुलात पुंकेसर दहा. नऊ जुळलेले, एक सुटा. आनुवंशिक घडण इतकी वेगळी, मग हा दहावा दरवेळी सुटाच कसा राहतो?

कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली यावर बोट ठेवले. बालाघाटाच्या उतारावर पाऊस कुठेही पडो, पाणी ठरलेल्या ओढ्यालाच मिळते, वाढीचेही तसेच. लहानसहान जनुकीय बदल झाले तरी वाढ आपली वाट सोडत नाही. म्हणजे ते बदल नाहीसे होत नाहीत, दबून राहतात. २००२ साली क्वाइट्श, सँगस्टर आणि लिंडक्विस्ट यांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये एचएसपी ९० या प्रथिनाचे काम रोखले. एरवी सुरळीत वाढणारी रोपे वेडीवाकडी झाली, आणि प्रत्येक वाणाचा वेडेवाकडेपणा आपापला होता. त्याच वर्षी लॉटर आणि डोबली यांनी मक्याच्या रानटी पूर्वजात, टिओसिंटेमध्ये, बाहेरून अजिबात न बदलणाऱ्या लक्षणांमागे दडलेली विविधता दाखवली.

हे स्थैर्य संकरित घडणीमुळे येते, असा लर्नर यांचा १९५४चा दाखला काल इथे दिला गेला. तूर मधमाश्यांमुळे बरीच परपरागित होते, तिच्यापुरते ते पटेलही. पण रब्बीची मालदांडी ज्वारी मुख्यतः स्वपरागित, आणि तिच्या फुलोऱ्यातली कणिशकांची जोडी, एक बिनदेठाचे आणि एक देठाचे, कुठे मोडते? २०१५च्या दुष्काळात भूम तालुक्यातल्या एका मुरमाड बांधावर मी तूर पाहिली. काही झाडे गुडघ्याएवढी, काही कमरेएवढी, बियाणे घरचे मिसळीचे. जी फुले उघडली, त्या प्रत्येकात नऊ आणि एक. पाण्याने उंची हिरावली, पण फुलाला धक्का लागला नाही. एकच झाड उंचीत सैल आणि फुलात कडक असते. सगळ्या झाडाला एकच कारण लावणारा सिद्धान्त मला म्हणूनच मान्य नाही.

आता माझी तक्रार. आपल्या तक्त्यात सरासरी असते, विचलनाचा रकाना जागा नाही म्हणून गाळला जातो. असा रकाना काढून टाका, असे एका परीक्षकाने मला लेखी कळवले होते. विचित्र फूल दिसले की विद्यार्थी ते ‘खराब नमुना’ म्हणून फेकतो, आणि आपणच त्याला तसे शिकवलेले असते. अकरा पुंकेसरांचे एखादे फूल सापडले, तर झाडाची पकड कुठे सुटते हे तेच सांगणार आहे! पुढे ऊन वाढले, पाऊस आणखी लहरी झाला, तर आज दबलेले कोणते फरक वर येतील, याचा अंदाज आपण कशावरून बांधणार?

आठही तालुक्यांतल्या देशी तुरींच्या फुलांची एक सामाईक नोंदवही व्हावी. तिचा नमुना, खर्च, जबाबदारी कार्यकारिणीने ठरवावी. मीही हातभार लावीन. तोवर एवढे करा. यंदा तूर फुलोऱ्यात आली की विद्यार्थ्यांना घेऊन बांधावर जा, फुले मोजा, आणि वेगळे निघालेले फूल कृपा करून फेकू नका. झाडाला खूण बांधा आणि त्याचे बी राखून ठेवा.