यंत्र आणि आज्ञा



नगरच्या बाजारात हार्डवेअरचे दुकान विचारले तर लोक खिळे, बिजागऱ्या नि कड्याकुलपांचे दुकान दाखवतात. संगणकातही अर्थ फार वेगळा नाही. हाताला लागते, तापते, झिजते ते हार्डवेअर. त्या यंत्राने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे याच्या लिहून ठेवलेल्या आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर. या अर्थाने हा शब्द जॉन ट्युकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने 1958 साली छापील लेखात वापरला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक 1960 साली चालू झाला. म्हणजे शब्द आणि आपल्याकडचे यंत्र जवळजवळ बरोबरीचे.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे घ्या. उसाची गाडी जिच्यावर चढते ती पोलादी फळी, भार मोजणारे सेल, तारा हे हार्डवेअर. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून पावती छापण्याची आज्ञा हे सॉफ्टवेअर. काटा तपासायला वैधमापन निरीक्षकाकडे प्रमाणित वजने असतात. पण वजाबाकीची आज्ञाच चुकली, तर काटा बरोबर असूनही शेतकरी बुडेल.

हे आम्ही का सांगतो? एका कारखान्यात हजेरीचे यंत्र आले आणि जादा कामाचे पैसे घटले. कामगार म्हणाले, यंत्र बिघडले. मेकॅनिक आला, घड्याळ मिनिटाला बरोबर! मग आम्ही महिन्याचे हजेरीपत्रक मागून घेतले आणि हाताने बेरीज केली. अर्ध्या तासाहून कमी असलेली मिनिटे सोडून द्यावीत, अशी आज्ञा कुणीतरी लिहिली होती. पंचवीस मिनिटे राबलेल्याच्या पदरी शून्य! लोखंड झिजते तेव्हा एकच यंत्र अडते. आज्ञा झिजत नाही, पण चुकली तर सर्वांना सारखीच नाडते. आज्ञा माणसाने लिहिली होती, म्हणून माणसाशी बोलणी करता आली. एक स्क्रूही न हलवता पुढचा पगार सुधारला.

आज घरपोच जेवण नेणाऱ्या तरुणाचा मोबाईल त्याचा, मोटारसायकल त्याची. फेरी आणि दर ठरवणारी आज्ञा मात्र कंपनीची. पूर्वी यंत्र मालकाचे होते. आता यंत्र कामगाराचे झाले, तरी हुकूम मालकाचाच राहिला.

तेव्हा 'संगणकात तसेच आहे' हे उत्तर कुणी दिले तर ऐकून परत फिरू नका. नियम कोणता आणि तो कुणी लिहिला, हे विचारा. मोजणीचा नियम मराठीत फलकावर लावावा, असे एक कलम प्रत्येक करारात असले पाहिजे.