चमचा पक्षी, जिताड्याचं तळं आणि खाजणाचं पाणी

दिवाळी सरली, भात खळ्यावर आलं, की पनवेल-उरणकडच्या खाडीत, मिठागरांत आणि तळ्यांवर पाणपाखरं उतरू लागतात. बगळे बारा महिने असतातच. त्यांच्यातच एखाद्या सकाळी पाच-दहा पांढरी पाखरं दिसतात. बगळ्यापेक्षा थोराड, पाय काळे, आणि चोच अशी की एकदा पाहिली तर विसरायची नाही. लांब, काळी, आणि टोकाला पसरट होत गेलेली. हाच चमचा पक्षी. पुस्तकात त्याला दर्विमुख म्हणतात. दर्वी म्हणजे पळी. माझ्या मते ही दोन्ही नावं थोडी चुकलीच. पळी खोलगट असते, ही चोच आहे चपटी, घरातल्या कालथ्यासारखी.

या पक्ष्याबद्दल आज बोलायचं कारण असं की, ज्यांनी शेतात तळं काढून जिताडा सोडला आहे ते शेतकरी विचारतात, "हे पाखरू आमची पिल्लं खातं का? त्याला हाकलावं का मारावं?" प्रश्न रास्त आहे. जिताड्याचं बी फुकट येत नाही. खाडीतून धरून आणा नाहीतर विकत आणा, पैसा आणि मेहनत दोन्ही लागतात. पण उत्तर द्यायच्या आधी हे पाखरू खातं कसं ते समजून घेऊ. कारण उत्तर तिथंच आहे.

बगळा डोळ्यांनी शिकार करतो. एका जागी ताटकळत उभा राहतो आणि मासा दिसला की चोच मारतो. चमच्याचं तसं नाही. तो चालत चालत खातो. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवायची आणि विळ्यानं गवत कापावं तशी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत पुढं जायचं. चोचीच्या आतल्या बाजूला स्पर्श फार तीव्र असतो. कोळंबी, बारीक मासळी, पाणकिडा, बेडकाचं पिल्लू, जे चोचीला लागेल त्यावर चोच चटकन मिटते. मग मान वर झटकून घास घशात. डोळ्यांचं काम थोडंच असल्यामुळे गढूळ पाण्यातही त्याचं अडत नाही. पहाटे, संध्याकाळी आणि रात्रीसुद्धा तो चरतो. भर दुपारी मात्र एका पायावर उभा राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेला दिसेल.

चोच चपटी का, याचाही उलगडा झालेला आहे. इस्रायलमधल्या दोन शास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवून दिलं की, असं चपटं टोक पाण्यात आडवं फिरलं की मागं भोवरा उठतो आणि तळाशी दडलेला जीव वर ओढला जातो. वल्हं मारल्यावर पाण्यात भोवरे उठतात ते आपण पाहतोच. तोच प्रकार.

आता यातून काय निघालं? चोच तळाजवळ फिरवायची तर पाणी उथळ हवं. हा पक्षी बहुतेक वीतभर, फार तर सव्वा-दीड वीत पाण्यातच चरतो. त्याहून खोल पाणी त्याच्या कामाचं नाही. पाण्यात बुडी तो मारत नाही.

तेव्हा जिताड्याच्या तळ्याचं उत्तर सोपं आहे. होय, काठाला उथळ पाणी असेल आणि बोटभर पिल्लं तिथं फिरत असतील तर चमचा ती खाईल. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तळ्याचं पाणी कमरेइतकं खोल ठेवलं, काठ उतरता न ठेवता सरळ तासून घेतला, तर त्याला पाय टेकायला जागाच राहत नाही. पिल्लं लहान असतील तोवर कोपऱ्यात वेगळी खाचण करून त्यावर जाळं ताणा. जाळं जाड दोऱ्याचं, घट्ट आणि दिसेल असं घ्या. बारीक नायलॉनचं सैल जाळं घेतलं तर पाखरू त्यात अडकून मरतं, आणि त्याच्या धडपडीत जाळंही फाटतं. पाण्यात झाडाच्या फांद्या टाकल्या की पिल्लांना लपायला आसरा मिळतो.

आणि बंधूंनो, एक गोष्ट तळेवाल्यांनी ध्यानात ठेवावी. जिताड्याचा मोठा शत्रू जिताडाच आहे. एका तळ्यात लहान-मोठी पिल्लं एकत्र राहिली की मोठी लहानांना गिळतात. दर थोड्या दिवसांनी पिल्लं मापाप्रमाणे निवडून वेगळी केली नाहीत, तर जी घट येईल तिचा दोष उगाच पाखरावर जातो.

बंदूक, फासे, विष यांचं नाव काढू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे चमच्याला मारणं हा गुन्हा आहे. विष तर दुहेरी घातक. काही ठिकाणी मासळी धरायला ओढ्यात, नाल्यात पिकावरचं औषध ओततात. तीच मासळी आपल्या ताटात येते, तेच पाणी गुरं पितात. पूर्वी या कामाला एन्डोसल्फान वापरत. ते २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमानं बंद झालं. भाताला टाकायचं दाणेदार फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कुणाच्या माळ्यावर जुनी पुडी पडून असेल तर ती खाचरात रिकामी करू नका. कृषी सहायकाला दाखवून विचारा. आणि फवारणीचा पंप तळ्यात किंवा नाल्यात धुऊ नका, ही जुनीच सूचना पुन्हा करतो, कारण पंप अजून तिथंच धुतले जातात.

विषानं या पक्ष्याचं काय होतं ते हॉलंडनं पाहिलं आहे. तो देश आपल्या खारभूमीचा थोरला भाऊ म्हणा. समुद्राला बांध घालून, दरवाजे बसवून त्यांनी शेती कमावली. चमचे तिथं पूर्वीपासून घरटी करतात. कीटकनाशकांचं विष पाण्यात आणि मासळीत उतरलं, आणि १९६० नंतरच्या दशकात चमच्यांच्या जोड्या दीडशेच्या आसपास उरल्या. पुढं ती विषं बंद झाली, घरट्यांच्या जागा राखल्या, तेव्हा पाखरं परतली. आज तिथं हजारांनी जोड्या आहेत. म्हणजे गेलेलं पाखरू परत येतं, पण पाणी आधी परत यावं लागतं.

आपल्या बाजूला कासाडी नदीचं काय झालं ते कळंबोली-रोडपालीच्या माणसाला सांगायला नको. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात रस्त्यावरची कुत्री निळी झालेली साऱ्या देशानं पाहिली. कारखान्याचा रंग पाण्यात आणि हवेत गेला होता, कुत्र्यांनी तो अंगावर घेतला म्हणून दिसला. निवटी आणि कोळंबीच्या अंगात काय गेलं ते असं दिसत नाही. चमचा मात्र तेच खाऊन जगतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चमच्याला हवं ते उथळ, उघडं, जिवंत पाणी आपल्याकडं राखलं कुणी? खाजणवाल्या शेतकऱ्यानं. बाहेरकाठा बांधला, उघाडी बसवली, भरतीला दार लावलं, ओहोटीला उघडलं. पावसाच्या पाण्यानं खार धुऊन काढली आणि त्या जमिनीत राता भात पिकवला. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पुढं पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे खार सोसणारे वाण दिले. या बांधाच्या आत तळी, नाले, डबकी राहिली. बाहेर मिठागरं आणि चिखलाचे पट्टे राहिले. पाखरांनी दोन्हीकडं चरावं अशी ती सोय आपोआप झाली.

बांधाला खांड पडली आणि ती त्याच साली बुजवली नाही, तर काय होतं? पहिली दोन-चार वर्षं भरतीचं पाणी शेतात पसरतं आणि पाखरांची जत्रा भरते. बघणाऱ्याला वाटतं, खांड पडली ते बरंच झालं. पण मग तिवर उगवतं. तिवराची श्वासमुळं खिळ्यांसारखी चिखलातून वर येतात. त्यात चमच्याला चोच फिरवता येत नाही. झाडी दाटली की तो तिथून उठतो. शेतकरी तर आधीच उठलेला असतो. कारण कांदळवन तोडायला उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००५ मध्ये बंदी केली, सातबारा तुमच्या नावावर असला तरी. या बंदीबद्दल शेतकऱ्यांत नाराजी आहे हे मला ठाऊक आहे. पण कांदळवन हे कोळंबीचं आणि मासळीच्या पिल्लांचं घर आहे, बांधावर येणारी लाटही तेच अडवतं. तेव्हा ते तोडण्याच्या भरीस न पडता, ते शेतात येण्याआधी खांड बुजवावी हे शहाणपणाचं. खांड लहान असतानाच गावानं मिळून पेंढा, माती, दगड घालून बंद करावी आणि खारभूमी खात्याकडं लेखी अर्ज करून पोच घ्यावी. नुसतं तोंडी सांगून काम होत नाही.

तिवर आलं तर निदान काही तरी जिवंत राहतं. भराव आला तर काहीच नाही. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. हा इतिहास तुमच्या घरातलाच आहे, मी काय सांगू? कळंबोलीत शेतं होती तिथं आज लोखंड बाजार आणि वसाहती आहेत. गंमत पाहा, ही वसाहत सखल जागी असल्यानं तिथं धारण तलाव काढावे लागले. भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी. म्हणजे शहरानं भरावावर पुन्हा खाजणाचीच युक्ती वापरली! २६ जुलै २००५ च्या पावसात अशा पाणसाठ्याची किंमत सगळ्यांना कळली. पण हे तलाव गाळानं भरतात, त्यात तिवर वाढतं, आणि गाळ काढायचा कसा हा तिढा तिथंही आहे.

२५ डिसेंबर २०२५ पासून पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. धावपट्टीजवळ थोराड पाखरांचे थवे असणं दोघांनाही धोक्याचं. म्हणून विमानतळापासून दूर असलेली उरण, पेण, अलिबागकडची खाजणं आणि पाणथळी उथळ आणि उघड्या राहणं आता अधिकच गरजेचं झालं आहे. तिथं जागा मिळाली तर पाखरं तिकडं जातील.

शेवटी ओळखीच्या दोन खुणा सांगतो. उडताना बगळा मान दुमडून घेतो, चमचा मान सरळ ताणून उडतो. दुरून चोच दिसली नाही तरी यावरून फरक कळतो. डोकं काळं आणि चोच कोयत्यासारखी वाकडी असेल तर तो शराटी, चमचा नव्हे. पूर्ण वाढलेल्या चमच्याच्या चोचीचं टोक पिवळं असतं, विणीच्या दिवसांत डोक्यामागं तुरा येतो. पंखांची टोकं काळी असतील तर पाखरू लहान वयाचं समजावं. नांदूर मध्यमेश्वर आणि भिगवणला हे पक्षी मोठ्या संख्येनं पाहायला मिळतात. नाशिक, इंदापूरकडं कामानिमित्त गेलात तर वाकडी वाट करून बघा.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणती होते. ती १९८७ पासून चालू आहे. मोजणारी मंडळी तुमच्या खाजणात आली तर त्यांना पायवाट दाखवा, उघाडीची जागा दाखवा. आणि एखाद्या चमच्याच्या पायात कडं दिसलं तर पाखराला धरू नका. कोणत्या पायात, कोणत्या रंगाचं, त्यावर अक्षरं किंवा आकडे कोणते, तारीख आणि गाव कोणतं, एवढं कागदावर लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. ते पाखरू कुठून आलं, हे त्या कड्यावरून त्यांना शोधता येतं.