आपली हरकत आपणच लिहावी



आपल्या परतवाड्याला समुद्र नाही. तरी बाजारातले सुके बोंबील समुद्रकाठूनच येतात. तिकडे मासे धरतो कोळी, विकते कोळीण. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा १९८१ चा कायदा चालतो. त्यापुढे, कुपा मासा फिरतो त्या खोल पाण्यात, केंद्राचा. जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते. माशांची वीण वाढावी म्हणून ती योग्यच. पण तेव्हा कोळणीची टोपली रिकामी राहते, हे सरकारला कोण सांगणार? ‘हरकती व सूचना’ मागवतात, तेव्हा तिनेच सांगावे.

मी सातवी शिकलेली. पण आपल्या चुलीबद्दल दोन ओळी लिहायला तेवढे पुरते. नगरपालिकेची जाहीर सूचना निघाली की आपणही लिहू या.