दात्याचा संकोच आणि संस्थेचे उत्तरदायित्व

(सुवर्ण महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी दानाची महती सांगण्याचा प्रघात आहे. परंतु आहार, औषध, शास्त्र व अभय या चतुर्विध दानाचे संस्कार आपणांवर बालपणापासूनच झालेले आहेत. म्हणून आज मी वेगळा प्रश्न मांडू इच्छितो. इतके संस्कार असूनही सार्वजनिक संस्थेस देणगी देताना माणसाचा हात का थबकतो?

‘लोक कृपण झाले आहेत’ हे उत्तर सोपे आहे, पण खरे नव्हे. हाच गृहस्थ दारी आलेल्या भुकेल्यास विन्मुख पाठवीत नाही. शेजाऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पदरचे पैसे काढून देतो. तेथे त्याला गरज दिसते आणि दिलेले कोठे पोहोचले तेही दिसते. संस्थेस दिल्यावर त्याच्या हाती उरते ती केवळ पावती.

कायद्याने यासाठी व्यवस्था केलेली आहे. १९५० च्या, आज ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार न्यासांना हिशेब ठेवावे लागतात आणि ते धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली असतात. परंतु कार्यालयातील कपाटात बंद असलेला ताळेबंद दात्याच्या मनातील शंका कशी दूर करणार?

दुसरे कारण म्हणजे अल्पत्वाची लाज. बोलींचे मोठमोठे आकडे पुकारले जातात, संगमरवरी फलकावर मोठ्या देणगीदारांची नावे कोरली जातात. आणि पाचशे रुपये घेऊन आलेली भगिनी मागच्या रांगेतून तशीच परतते. तिला कोणी नाकारलेले नसते. मात्र आपले दान येथे मोजले जाणार नाही, असे तिला वाटते.

तिसरे कारण आपल्या कल्पनेत आहे. इमारतीस देणगी मिळते, परिचारिकेच्या वेतनास मिळत नाही. ‘पैसा पगारात जातो’ अशी तक्रार होते. पण परिचारिकेवाचून दवाखाना म्हणजे केवळ भिंती! हे दात्यास समजावून सांगण्याचे कामही संस्थेचेच आहे.

करसवलतीचा उल्लेख अनेक जण करतात. २०१७ पासून २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर सवलत मिळत नाही; २०२० मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत सर्वसामान्य करदात्यास देणगीची वजावटच नाही. तरीही केवळ सवलतीवर उभे असलेले दान सवलतीबरोबरच ओसरते. त्याचा खरा आधार विश्वास हाच होय.

हा विश्वास कसा निर्माण होतो? कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरीचे मूठभर धान्य गोळा केले गेले. प्रसंगी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले. मूठ देणाऱ्या माउलीस लाज वाटण्याचे कारण नव्हते, कारण प्रत्येकीकडे मागणे मुठीचेच होते. धान्य कोणाच्या मुखी जाते हे तिला ठाऊक होते आणि मागणाऱ्याने आधी स्वतःच्या घरातले दिले होते. संकोचाची तिन्ही कारणे तेथे उरलीच नाहीत.

तत्त्वार्थसूत्रात दानाचे वैशिष्ट्य विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारही गोष्टींवर अवलंबून मानले आहे. तेव्हा पात्राची चौकशी करणारा दाता संशयखोर नव्हे; तो शास्त्रास धरूनच वागतो. त्याच्या प्रश्नाचा राग मानणारी संस्था मात्र आपले पात्रत्व गमावते.

म्हणून विश्वस्तांस माझी नम्र विनंती आहे. वार्षिक हिशेब सोप्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक दात्याच्या घरी पाठवावा. वेतन व व्यवस्थापनाचा खर्च न लपविता, कारणांसह त्यात द्यावा. लहान-मोठ्या सर्व देणगीदारांची नावे रकमेविना, अकारविल्हे प्रसिद्ध करावीत. प्रत्येक विश्वस्ताने वर्षारंभी प्रथम स्वतःची देणगी द्यावी; मगच इतरांच्या दारी जावे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या न्यासास पहिली देणगी दिली, त्यांच्यापुढे दाखविण्यासारखी वास्तू नव्हती. होता तो माणसांवरचा भरवसा. आज वास्तू आहे. तो भरवसा पुढील पिढीच्या हाती अखंड सोपविणे, हीच सुवर्ण महोत्सवाची खरी सांगता ठरेल.

जय जिनेंद्र!