तासभर थांबलेला समूहस्वर



गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना समूहस्वराची ताकद वेगळी सांगायला नको. शेकडो गळे एका चालीत मिळतात आणि कुणाचाच आवाज वर निघत नाही. हा आश्रम 1935 सालचा. त्याच वर्षी मुंबईत मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता यांच्या एका ध्वनिमुद्रणाविषयी आज बोलायचे आहे.

1936 साली मुंबईत जन्मलेले झुबिन डॉक्टरकीचा नाद सोडून अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंद-संचालन शिकू लागले. नामवंत संचालकांच्या तालमी जवळून पाहायला मिळाव्यात म्हणून ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ अब्बादो चक्क तिथल्या गायकवृंदात भरती झाले. खर्जाच्या रांगेत उभे राहायचे, गायचे आणि समोरच्याचे हात न्याहाळायचे.

त्याच व्हिएन्नात 1975 साली मेहतांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह संगीतकार गुस्ताव मालर यांची दुसरी सिंफनी ध्वनिमुद्रित केली. तिचे नाव 'पुनरुत्थान'. भाग पाच, कालावधी सुमारे ऐंशी मिनिटे. गायकवृंद येतो तो थेट शेवटच्या भागात, तासाभरानंतर. आणि येतो तो गर्जत नाही. ऐकू येते न येते इतक्या हळू. आपल्या प्रार्थनेत सगळ्यांची चाल एकच असते. इथे स्त्री-पुरुषांचे चार गट एकाच वेळी वेगवेगळे स्वर धरतात. चढ्या आवाजात गाणे त्या मानाने सोपे. एवढ्या जणांनी दबक्या आवाजात सुराला धरून राहणे, हे खरे कसब. त्या समूहातूनच गायिका इलियाना कोत्रुबास यांचा स्वर अलगद वेगळा होत वर येतो. मेहता कुठेही घाई करत नाहीत. ऑर्गन आणि घंटांचा कल्लोळ ते अगदी शेवटासाठी राखून ठेवतात. या सिंफनीच्या उत्तम ध्वनिमुद्रणांत जाणकार आजही याची गणना करतात. गायकांच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाचे हे काम आहे, असे मला वाटते.

हे ध्वनिमुद्रण मोबाइलवर सहज मिळते. अकोल्या-अमरावतीच्या उन्हाळ्यात हे सांगणे जरा धाडसाचेच. पण गायकवृंद येईल तेवढी शेवटची पंधरा-वीस मिनिटे कूलर बंद ठेवा आणि ऐका.